अनवाणी चालवायची गाडी

बाबा गाडीत बसण्याआधी चपला काढायचे. दार उघडून सीटवर आडवे बसायचे, पाय बाहेर ठेवून दोन्ही तळवे एकमेकांवर झटकायचे आणि मगच आत वळायचे. चपला मागच्या सीटखाली जायच्या. नव्यानं पाहणाऱ्याला वाटायचं, माणूस भाविक दिसतो, गाडीला देव मानतो. देवाचा काही संबंध नव्हता. ही गाडी चपलेतून समजत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

गाडी सेडान, पण घरगुती नव्हे. गडद लाल, बुटकी, मागे दोन सायलेन्सर आणि डिकीवर इंग्रजीत ‘स्पोर्ट’ लिहिलेलं. भिवंडीतल्या एका पॉवरलूमवाल्या शेठनं ती हौसेनं घेतली होती आणि त्याच्या कंबरेला मानवेना म्हणून विकायला काढली होती. आमचं खाडीकडचं शेत तेव्हा नुकतंच गोदामांखाली गेलं होतं. आमच्यासारख्या ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या सगळ्यांनी उंच, पांढऱ्या, जीपसारख्या गाड्या घेतल्या. तसल्या गाडीतून हळदीच्या मांडवाशी उतरलं की चार माणसं वळून बघतात. आमच्या बाबांनी मात्र ही आणली, जी प्रत्येक स्पीडब्रेकरवर खरडत जायची. आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मग मत दिलं, “येवढी जमीन गेली, नं गाडी आनली ती बी जमिनीला पोट घासनारी.”

लग्नाआधी आणि नंतरही कित्येक वर्षं बाबांनी कापडाच्या ताग्यांचा टेम्पो चालवला होता, तोही दुसऱ्याचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओझं न वाहणारी गाडी हवी असावी. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीच लावलेला अर्थ आहे, पण तो फारसा चुकीचा नसावा.

मला त्यांनी याच गाडीवर शिकवलं. माझ्या मोठ्या भावाला शिकवायला घेतलं होतं, पण त्याला सगळ्याची घाई आणि बाबांना घाईचा राग. दोघांचं दुसऱ्याच रविवारी बिनसलं आणि भाऊ एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला. मग माझा नंबर लागला. रविवारी गोदामांमागच्या मोकळ्या प्लॉटवर कंटेनर उभे नसायचे. तिथं मला चपला काढायला लावून बाबा शेजारी बसायचे. क्लच नेमका कुठं पकडतो हे मी दहादा विचारलं असेल. दर वेळी एकच उत्तर मिळायचं.

“पायाला इचार, बाय. मना नको इचारू.”

मी चिडायचे. पायाला विचारून कळत असतं तर यांना कशाला विचारलं असतं? पण एक दिवस कळलं. पेडल वर येताना एका ठिकाणी तळव्याखाली बारीकशी थरथर आली, जशी पाण्याच्या पाइपवर पाय ठेवला की आतलं पाणी कळतं. तिथं थांबले आणि गाडी आपणहून, एक झटका न देता निघाली. बाबा नुसते समोर बघत हसले. गिअर टाकताना ते आपला हात माझ्या हातावर ठेवायचे. जाड, खरबरीत, कायम गरम असलेला हात. गिअर ढकलायचा नसतो, तो जायला निघाला की आपण सोबत जायचं, असं सांगायचे आणि माझ्या हातासकट तिसऱ्यावर घेऊन जायचे. आत बसताना एक छोटासा टक् असा धक्का लागायचा, तो मला त्यांच्या हातातून आधी कळायचा.

ती गाडी सगळं सांगायची. रस्ता ओला आहे की नुसता काळा, पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे का, वळण जरा जास्तच जोरात घेतलं का, हे स्टिअरिंगमधून हातात यायचं. पार्किंगमध्ये ते इतकं जड असायचं की दंड दुखायचे, आणि वेग वाढला की जेवढं हवं तेवढंच जड व्हायचं. खड्ड्यांबाबत तर बोलायलाच नको. आमचा वाडा रोड म्हणजे खड्ड्यांमध्ये मधूनमधून रस्ता. प्रत्येक खड्डा आपली ओळख करून देऊन थेट मणक्यात शिरायचा. पण अंबाडी गावाच्या पुढे एक पट्टा बरा होता. तिथं बाबा तिसऱ्यावर गाडी जरा ताणायचे, इंजिनाचा आवाज खालून वर चढायचा आणि मागे बसलेली आई दोन्ही हातांनी सीट धरून आम्हा दोघांचा उद्धार करायची.

भावानं नवी गाडी घेतली ती पुष्कळ वर्षांनी, माझ्या लग्नानंतरच्या एका दसऱ्याला. उंच, पांढरी, ऑटोमॅटिक, आणि समोर पाटाएवढा स्क्रीन. बेल्ट लावला नाही तर ती ओरडते, रस्त्यावरची पांढरी रेघ ओलांडली तर ओरडते, मागे कुणी आलं तर ओरडते. सिग्नलला उभी राहिली की इंजिन बंद करते आणि आपल्याला न विचारता चालू करते. स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. खड्डे आहेत हे डोळ्यांना दिसतं, अंगाला कळत नाही. मी चालवून बघितली आणि घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की हातमोजे घालून भाकरी थापावी तसं वाटतं. भाकरी होते, पण ती आपण केली असं वाटत नाही. भाऊ म्हणाला, तुला नुसती नावं ठेवायला पाहिजेत. आई मात्र त्याच्या बाजूनं होती. तिचे गुडघे गेले होते आणि या गाडीत ती खुर्चीत बसावं तशी बसत होती. बुटक्या गाडीतून तिला उठवायला एका माणसाला हात द्यावा लागायचा. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर पाणी भरलं की नवी गाडी निघून जायची आणि आमची लाल गाडी दारात भिजत बसायची. हे सगळं खरं होतं. तरी मी तोंड बंद ठेवलं नाही.

बाबांनी ती नवी गाडी एकदा अंबाडीपर्यंत नेऊन आणली. येऊन भावाच्या हातात चावी दिली. कशी वाटली, असं त्यानं विचारलं. बाबांनी चांगली आहे म्हटलं, मग थोडं थांबून म्हणाले, “मी चालवली का तिनाच मना नेला, समजलाच न्हाय.” मी इतकी हसले की भाऊ त्या दिवशी जेवायला बसला नाही.

त्याच सुमारास लाल गाडी कुरकुरायला लागली. म्हणजे बाबांच्या हातात कुरकुरायला लागली. पुलाच्या चढावर बंद पडायची. निघताना उडी मारायची. घरासमोर उभी केली की जळका वास यायचा. क्लच गेला, असं बाबांनी जाहीर केलं. आमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकनं क्लच बदलला. थोड्याच दिवसांत बाबा पुन्हा त्याच्या दारात. हाही गेला म्हणे. त्यानं एक चक्कर मारून आणली आणि चाचा, गाडी में कुछ नहीं है, असं सांगितलं. बाबांना ते अजिबात पटलं नाही. हल्लीच्या पोरांना स्क्रीनवर लाल दिवा लागल्याशिवाय बिघाड दिसत नाही, असं मला फोनवर म्हणाले. मलाही तेच वाटलं. मीही त्या मेकॅनिकला मनात चार शिव्या घातल्या.

मी लग्न करून भिवंडीतच राहते, रविवारी माहेरी जाते. त्या रविवारी मी स्वतः गाडी काढली. चपला काढल्या, क्लच दाबला. तीच थरथर, त्याच जागी. गाडी आपणहून निघाली, गिअर टक् करून बसले, कुठं वास नाही की धक्का नाही. नाक्याला वळसा घालून परत आले आणि बाबांना म्हटलं, झकास आहे की. ते ओट्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत म्हणाले, “तुझ्याशी बोलत असल. माझ्याशी न्हाय बोलत. ही बी नव्या गाडीवानी झाली. काय सांगतच न्हाय.”

मला वाटलं, रुसलेत. म्हातारपणी माणसं वस्तूंवरही रुसतात.

घरात तेव्हा चपलेचा विनोद जोरात होता. एका नात्यातल्या हळदीहून बाबा परत आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठं गेली, त्यांना पत्ता नव्हता. इतक्या गर्दीत पडली असेल, असं म्हणाले. आईनं त्यांना आठवडाभर सोडलं नाही. हळदीत कुणाच्या घोटाला घोट लावलात, असं येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर विचारायची. बाबांनी गळ्याची शपथ घेतली की थेंब घेतला नव्हता, आणि ते खरंच होतं. पुढे घरातसुद्धा त्यांची चप्पल मधेच निसटून मागे राहायची आणि ते तसेच चालत पुढे जायचे. आम्ही ती उचलून आणायचो आणि हसायचो. साखर त्यांना पुष्कळ वर्षांपासून होती. गोळ्या ते मनाला येतील तशा घ्यायचे, आणि साखर आहे म्हणजे चहा बिनसाखरेचा प्यायचा यापलीकडे आमच्यापैकी कुणाला काही माहीत नव्हतं.

पाय जड वाटतात, असं ते म्हणायचे खरे. त्यावर आमच्याकडे एकच औषध, अकलोलीचं पाणी. आईचं माहेर तिथल्याच बाजूच्या दिघाशीचं. तिच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी आपापले गुडघे, कंबरा आणि टाचा त्या गरम कुंडांतच बऱ्या केल्या होत्या, निदान तसं त्या सांगत. तेव्हा थंडीतल्या एका सकाळी मी बाबांना घेऊन निघाले. जाताना मीच चालवत होते, कारण गाडी तुझ्याशी बोलते ना, मग तूच चालव, असा टोमणा त्यांनी मारला होता. वाटेत मूडमध्ये होते. अंबाडीला थांबून वडापाव खाल्ला. एका कंटेनरवाल्यानं कट मारला तेव्हा माझ्याऐवजी त्यांनीच त्याला शिवी हासडली.

अकलोलीला वेगवेगळी कुंडं आहेत. एखाद्याचं पाणी नुसतं ऊन असतं, त्यात पोरं डुंबतात, आणि एक असं कडक असतं की माणसं आधी बोट बुडवून बघतात आणि तांब्यानं पाणी अंगावर घेतात. मी मंदिरात हात जोडून आले तोवर बाबा त्या कडक कुंडाच्या पायरीवर बसले होते. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला आणि दोन्ही पाय पोटऱ्यांखालपर्यंत पाण्यात. बाजूला कुणी नव्हतं. चेहरा असा शांत, की मला बरंच वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सवयीनं पाण्यात हात घातला.

हात आपोआप बाहेर आला. बोटांची आग झाली.

“आज पानी थंड हाय,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना मागे ओढलं. ते रागावले. लोक बघतात, असं म्हणाले. त्यांचे पाय बाहेर आले तेव्हा घोट्यांच्या वर जिथवर पाणी होतं तिथवर लालभडक झाले होते, मोजे घातल्यासारखी रेघ उमटली होती. मी खाली बसून तळव्याला हात लावला. लागतंय का, विचारलं. बाबा माझ्या हाताकडे बघत होते आणि मग, हात दिसतोय म्हणून, लागतंय म्हणाले. मी त्यांचं तोंड दुसरीकडे वळवलं आणि पुन्हा विचारलं. ते समोर मंदिराच्या कळसाकडे बघत गप्प राहिले. माझा अंगठा तेव्हा त्यांच्या तळव्यात रुतलेला होता.

त्या पायरीवर बसल्या बसल्या मला एकेक गोष्ट उलगडत गेली. चप्पल. चढावर बंद पडणारी गाडी. जळका वास. मेकॅनिक. गाडी रोज तेच सांगत होती, त्याच जागी, त्याच थरथरीनं. ऐकणारा पाय उरला नव्हता. आणि तसा तो माणूस रोज त्या वाहत्या रस्त्यावर, कंटेनरांमधून, नुसत्या अंदाजावर ब्रेक दाबत होता. मला तिथंच रडू आलं. बाबा म्हणाले, थंडी वाजतेय का.

दुसऱ्या दिवशी पायांना फोड आले. दवाखान्यात डॉक्टरांनी ते बांधले, आणि जखमा भरत आल्यावर एका बारीक ताठ दोऱ्यानं तळव्यांची तपासणी केली. बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि जिथं टोचेल तिथं हो म्हणायला सांगितलं. बाबा शाळेत बसावं तसे डोळे मिटून ताठ बसले. डॉक्टर दोरा टेकवत गेले, अंगठ्याला, बोटांखाली, टाचेला, मग दुसऱ्या पायाला. मी दाराशी उभी होते. डॉक्टरांनी दोरा खाली ठेवला. बाबा अजून डोळे मिटून होते.

“कवा चालू करनार?” त्यांनी विचारलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला सगळं समजावलं. साखरेनं पायांतल्या नसा मारल्या होत्या. आता घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, बंद बूट आणि मोजे घालायचे, रोज तळवे बघायचे. गाडी तर नाहीच. मी भांडले. चाळीस वर्षं चालवतायत, आपल्या दोघांपेक्षा बरी चालवतात, असं काहीबाही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाय ब्रेकवर आहे की नाही, हे त्यांना खाली वाकून बघावं लागेल.” मग बरं होईल का, हे विचारलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले. साखर सांभाळली तर पुढचं बधिर होणं लांबेल, नाहीतर आधी पाय बधिर होतात आणि मग हातांची बोटं.

भाऊ त्या दिवसांत फार चांगला वागला. मी त्याच्या गाडीला जे काही बोलले होते त्यातलं एकही त्यानं मला परत दिलं नाही. उलट तोच आशा धरून होता. माझी गाडी घ्या, म्हणाला, तिला क्लचच नाही, समोर काही आलं तर स्वतः ब्रेक लावते, हळूहळू अंबाडीपर्यंत जाऊन येत जा. मी, नावं ठेवणारी, मनातून हात जोडून म्हणत होते की असंच होवो. डॉक्टर नाही म्हणालेत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाबा बूट घालून अंगणात उभ्या असलेल्या त्या उंच गाडीत बसले. चालू केली नाही. स्टिअरिंग धरून वाकून आपल्या पायांकडे बघितलं, एक पाय या पेडलवरून त्या पेडलवर ठेवला, पुन्हा बघितलं. मग उतरले.

“तिला मी कशाला पायजे,” असं म्हणून त्यांनी चावी परत केली. लाल गाडीची चावीही खिशातून काढून माझ्या हातात दिली. मागितली नव्हती कुणी.

गाडी विकूया असं आई एकदाच म्हणाली. रविवारी मी ती बाहेर काढते. बाबा शेजारच्या सीटवर बूट घालून बसतात. बसण्याआधी अजूनही आडवे बसून पाय झटकतात, बुटांसकट. मी मात्र चपला काढते आणि मागच्या सीटखाली सरकवते. मला त्यांच्यासमोर चपला काढायला कसंतरी होतं, पण त्याशिवाय ती गाडी चालवता येत नाही. सुरुवातीला मला राग यायचा. कुणावर ते ठरवता येत नव्हतं, म्हणून रस्त्यावर काढायचे, खड्ड्यांवर, कंटेनरवाल्यांवर, भावाच्या गाडीवर. आता तोही येत नाही. आम्ही त्यांची साखर मोजतो, गोळ्या वेळेवर देतो, रात्री आई चष्मा लावून त्यांचे तळवे तपासते. यापलीकडे आमच्या हातात काही नाही आणि हे बाबांना आमच्या आधी समजलंय.

ते वाटेत बोलतात थोडं. इंजिनाचा आवाज ऐकून तिसरा टाक, चौथा टाक, असं सांगतात आणि बरोबर सांगतात. मागच्या रविवारी अंबाडीच्या नाक्यावर ट्रॅफिक होता. दोन्ही बाजूंना ट्रक, सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले, आपल्याच गाडीचं इंजिन ऐकू येईना. जरा मोकळं झालं आणि मी दुसऱ्यावरून वेग धरला, तेव्हा बाबांनी न बोलता आपला हात गिअरवरच्या माझ्या हातावर ठेवला. प्लॉटवर शिकवायचे तसा. तितकाच जाड, तितकाच गरम. इतक्या वर्षांनी तो हात तिथं आला याचा मला इतका आनंद झाला की मी गिअर मुद्दाम सावकाश घेतला, त्यांनी शिकवला होता तसा, तो निघाला की सोबत जायचं. आमचे दोघांचे हात एकत्र पुढे गेले. तिसरा टक् करून बसला.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या रस्त्याकडे बघत वाट पाहत होते.

“टाकला काय, बाय?” त्यांनी विचारलं.

“टाकला, बाबा,” मी म्हटलं. त्यांचा हात माझ्या हातावरच होता.